हादरा लागू नये म्हणून

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही. पण अख्खी गोष्ट "हे" आणि "ते" म्हणत सांगायला बसले तर ऐकणाऱ्याला कोण कुठला कळायचं नाही. म्हणून घेते. खुर्शिद. आणि नाव घेतलंच आहे तर सांगताना अहो-जाहोही सोडते, समोर मात्र कधी सोडलं नाही.

खुर्शिद वेल्डर. पण गावात त्याचं नाव झालं ते इंजिनाच्या फाउंडेशनमुळं. भीमेच्या काठाला विहिरींवर जी डिझेल इंजिनं उसाला पाणी ओढायची, त्यातली कितीतरी त्यानं बसवलेली. खाली काँक्रीट, त्यात चार बोल्ट, त्यावर इंजिन, आणि ते पाणसळीला एकदम सरळ. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला की त्याचा चेहरा असा फुलायचा, की आमच्या निकाहातसुद्धा तसा फुलला नव्हता. खिशात कायम पाणसळ. जेवायला बसला तर एखाद दिवशी ताटावरही ठेवील, असं मी म्हणायची आणि अब्बा खोकत खोकत हसायचे.

अब्बा म्हणजे माझे सासरे, बाबुलाल. सगळी हयात त्यांनी नदीवर बोट चालवली. आमचं गाव भीमेच्या शिरूरच्या अंगाला. पलीकडचा काठ दौंड तालुक्यात. आमच्या लोकांचं कब्रस्तान पलीकडं आहे, कारण आमची घरंही पूर्वी तिकडंच होती. कधीकाळच्या एका पुरात सखल भागातली वस्ती उठली, जिवंत माणसं नदी ओलांडून अलीकडं आली, आणि टेकाडावरच्या कबरी होत्या तिथंच राहिल्या. तेव्हापासून आमच्यातलं कुणी गेलं की जनाजा बोटीनं पलीकडं न्यायचा.

त्याची एक रीत होती. बोटीत मय्यत असली की इंजिन लावायचं नाही. मेलेल्या माणसाला जिवंतासारखंच दुखतं, असं आमच्यात मानतात. म्हणून गुस्ल देताना, म्हणजे मयताला अंघोळ घालताना, हात हलका ठेवायचा, जनाजा उचलताना, ठेवताना धक्का लागू द्यायचा नाही. बोटीचं जुनं इंजिन तर असं धडधडायचं की चढलेल्या बाईच्या टोपलीतली वांगी उड्या मारायची. तेव्हा मय्यत असली की अब्बा इंजिन बंद करायचे आणि एका बाजूनं ते, दुसऱ्या बाजूनं बन्सीभाऊ, लांब बांबू तळाला रेटत बोट पलीकडं न्यायचे. बन्सीभाऊ बौद्धवाड्यातला. मिसरूड फुटायच्या आधीपासून अब्बांच्या हाताखाली बोट शिकला आणि अब्बा थकल्यावर त्यानंच ती चालवली. त्यांच्यातली मयतं अलीकडंच जळायची. पण आमच्या मयताला बांबू धरायला त्याला कधी बोलवावं लागलं नाही.

मग खाली बंधारा झाला. उसाला बरं झालं, सगळ्यांनाच बरं झालं. पाणी बारमाही तुंबलं आणि बांबू तळाला लागेना. एवढी मोठी लोखंडी बोट, तिला वल्ही मारायला ती काय होडकं होती? आणि रस्त्यानं पुलावरून फिरून न्यायचं तर मोठा वळसा, त्यात उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्याची चाळण केलेली. त्या रस्त्यावर जीपमध्ये जिवंत माणसाची आतडी गोळा होतात.

बंधाऱ्यानंतर आमच्यातली पहिली गेली ती सुमैया फुफी, अब्बांची धाकटी बहीण. तिला इंजिन लावूनच न्यावं लागलं. अब्बा त्या बोटीत होते. परत आले ते तसेच भिंतीकडं तोंड करून पडले. मी भाकरी घेऊन गेले, घेतली नाही. मी जरा चढ्या आवाजात बोलले, कारण उपाशी माणसाला रागावल्याशिवाय मला खाऊ घालता येत नाही. तेव्हा म्हणाले,

"डोकं आपटत व्हतं तिचं, राबिया. कफनातनं. फळीवर. मी हात घातला खाली, पार काठ लागंस्तोवर."

मग माझ्यापुढं तळहात धरला. मी त्यात काय बघणार होते? पण बघितला.

सत्त्याण्णव सालची ही गोष्ट. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत अब्बांची छाती पार निकामी झाली. दौंडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि आता घरीच ठेवा, खाऊ वाटेल ते द्या, असं सांगितलं. डॉक्टर असं बोलले की काय समजायचं ते न शिकलेल्या बाईलाही समजतं. घरी आल्यावर अब्बांनी खुर्शिदला जवळ बसवलं. आढेवेढे घेतले नाहीत.

"मला तुझ्या अम्माशेजारी ठेव," म्हणाले. "पर सुमैयाला नेलं तसं नेऊ नको."

खुर्शिद व्हय म्हणाला. बापाला दुसरं काय म्हणणार?

योग म्हणा, त्याच उन्हाळ्यात बोटीच्या इंजिनानंही मान टाकली. गावकीनं मिळून दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आणलं, वापरलेलं पण धडधाकट. ते बसवायचं काम खुर्शिदनं मागून घेतलं. तेव्हा कारेगावला कंपन्यांच्या शेडा उभ्या राहत होत्या आणि वेल्डरला नुसतं बोट दाखवायचा अवकाश, काम मिळत होतं. ते सगळं सोडून हा नदीवर जाऊन बसला. मी अडवलं नाही. अब्बा दिवसेंदिवस वाळत चालले होते आणि त्यांनी मागितलेली गोष्ट एकच होती.

बोट ट्रॅक्टरनं काठावर ओढून घेतली, खाली दगड लावले. खुर्शिदनं जाड लोखंडी चॅनल आणलं, बोटीच्या फासळ्यांना वेल्ड मारून दोन्ही बाजूंना इंजिनाला बसायला बेड केला, त्यावर इंजिन ठेवून बोल्ट असे आवळले की हत्तीनं ओढलं तरी हलू नये. वर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. अब्बांची बाज आम्ही लिंबाखाली आणून ठेवली होती. ते तिथून बघत होते. एकदा म्हणाले, पाण्यात टाकल्यावर बघ. खुर्शिद म्हणाला, अब्बा, आजवर माझं एक इंजिन हललेलं दाखवा. ते खरंच होतं. विहिरीवरचं एकही हललं नव्हतं.

बोट पाण्यात टाकली, इंजिन सुरू केलं, आणि जुनं बरं म्हणायची पाळी आली. अशी थरथरली की कडेला टांगलेला कंदील सुटून पाण्यात गेला. पाठीमागं पंख्याचा शाफ्ट जिथून बाहेर पडतो तिथं पाणी ठिबकायला लागलं, हात लावला तर चटका. बन्सीभाऊनं घाईनं इंजिन बंद केलं. काठावर गाव जमलं होतं, त्यात कुणीतरी म्हणालं, खुर्शिदनं बोटीला विहीर समजली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण म्हणणाऱ्याला मी अशी नजर दिली की तो उठून गेला.

खुर्शिद बाजेजवळ येऊन खाली बसला. चेहरा पडला होता. अब्बा बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. मग म्हणाले,

"बोटीला जमीन न्हाई बाबा. तू सरळ कुनाशी धरतोस?"

मग त्यांनी तोडक्या तोडक्या शब्दांत समजावलं. ते मलाही कळलं, म्हणजे अवघड नव्हतं. पंख्याचा शाफ्ट मागं पाण्यात उतरता जातो. इंजिनही त्याच उताराला बसलं पाहिजे, शाफ्टाच्या रेषेत. विहिरीवरच्यासारखं जमिनीला सरळ बसवलं तर शाफ्टाची मान मुरगळते, आणि मुरगळलेल्या मानेनं तो बोट हलवतो. आणि नुसतं लोखंडावर लोखंड आवळलं की इंजिनाचा हादरा थेट बोटीच्या अंगात जातो. मधे काहीतरी मऊ पाहिजे.

खुर्शिद तसा मानी. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर पालथ्या घड्यावर पाणी. बापाचं ऐकलं. बेड कापून काढला, उतार देऊन पुन्हा वेल्ड केला. एसटीनं शिक्रापूरला गेला, तिथं हायवेला ट्रक मोडणारे बसतात, त्यांच्याकडून ट्रकच्या इंजिनाखालचे रबर निवडून आणले. इंजिनाच्या चारी पायांखाली एकेक रबर, त्यातून लांब बोल्ट, बोल्टाला वर एक खाली एक नट. म्हणजे पाना फिरवला की तो पाय केसभर वर किंवा केसभर खाली. त्या दिवसांत त्यानं खिशात पाणसळ ठेवली नाही.

बोट पाण्यात सोडली आणि अब्बांच्या सांगण्यावरून एक दिवस नुसती तरंगत ठेवली, लोखंडाला अंग सैल करू द्यायला. मग इंजिनाचं कपलिंग, म्हणजे जोडाची चकती, आणि शाफ्टाचं कपलिंग समोरासमोर आणून, मधे पत्र्याची बारीक पट्टी सरकवत, चारी बाजूंनी सारखी फट येईपर्यंत खुर्शिद नट फिरवत राहिला. रिकाम्या बोटीत जमलं. इंजिन गुरगुरलं आणि बोट जवळजवळ शांत. पण माणसं चढली की बोट खाली दबायची, कंबरेत किंचित वाकायची, फट बदलायची आणि थरथर परत यायची. इथंच घोडं पेंड खात होतं. खुर्शिदनं जिवाचं रान केलं. कधी मागची माणसं पुढं बसव, कधी पुढची मागं.

शेवटी अब्बाच म्हणाले, ज्या वजनासाठी लावायचं ते वजन बोटीत ठेवूनच लाव. म्हणजे जनाज्याला जेवढी माणसं असतात तेवढी बसव, जशी बसतात तशी बसव.

माणसं बसली. मधली जागा रिकामी राहिली, जनाजा ठेवायची. कुणीतरी म्हणालं, तिथं साखरेचं पोतं ठेवू.

"पोतं काय सांगनार?" अब्बा म्हणाले. "मला ठेवा तिथं."

खुर्शिदनं हातातला पाना खाली ठेवला आणि तो पाण्याकडं बघायला लागला. मी मात्र भडकले. मी म्हणाले, तुम्हाला आमच्या जिवाची काही पडली आहे का, जिवंत माणूस जनाज्याच्या जागी झोपतो का, लोक काय म्हणतील, अल्ला काय म्हणेल. बरंच बोलले. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. आणि मग हात पुढं केला, उठवायला.

त्यांच्याशी वाद घालून कधी कुणी जिंकलं नव्हतं. मी म्हणाले, ठीक आहे, पण मी शेजारी बसणार.

त्यांचं वजन काहीच उरलं नव्हतं. बन्सीभाऊनं एकट्यानं त्यांना उचलून बोटीत आणलं आणि फळीवर आडवं केलं. खाली गोधडी घालू म्हटलं तर नको म्हणाले, गोधडी घातली तर कळणार नाही. मी डोक्याशी बसले आणि तळहात त्यांच्या डोक्याखाली सारला. फळीवर डोकं टेकू देण्याएवढं माझं मन घट्ट नव्हतं. ऊन कोवळं होतं. माणसं दोन्ही कडेला बसली होती, जनाज्याला बसतात तशी, फक्त माना वर होत्या आणि सगळे अब्बांकडं बघत होते.

इंजिन सुरू झालं.

"लागतंय का, अब्बा?" खुर्शिदनं विचारलं.

"लागतंय. टाचंला."

इंजिन बंद. खुर्शिदनं वाकून पाना लावला, नट फिरवला. पुन्हा सुरू.

"आता?"

"पाठीत."

पुन्हा बंद, पुन्हा नट. बापाचं अंग हेच त्याचं माप झालं होतं. अब्बा डोळे मिटून, श्वास रोखून कुठं लागतंय ते शोधायचे आणि सांगायचे. खांद्यात. मग दाढेत. प्रत्येक वेळी लागायचं ते थोडं कमी. आणि प्रत्येक वेळी इंजिन सुरू झालं की त्यांच्या कपाळावर घाम यायचा, तो मी पदरानं पुसायची. मला वाटत होतं, बस करा. कितीदा तोंडाशी आलं. पण त्या दोघांमधे जे चाललं होतं त्यात मी कोण बोलणार? बाप-लेक जन्मात एवढं एकमेकांशी बोलले नव्हते.

मग एकदा इंजिन सुरू झालं आणि खुर्शिदनं विचारलं. अब्बांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं.

"न्हाई लागत," म्हणाले.

"नक्की?"

"न्हाई लागत बाबा. लय ब्येस झालं."

माझा तळहात त्यांच्या डोक्याखाली होता. फळीतून बारीक थरथर येत होती. फार नाही, पण होती. मुंगी चावावी तेवढी म्हणा, पण सारखी. मी अब्बांकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांना खरंच कळत नव्हतं, का कळत असून पोराला मोकळं करत होते, हे तेव्हा मला ठरवता आलं नाही. मी गप्प राहिले. खुर्शिदनं नट आवळून पक्के केले आणि कापडानं हात पुसत तिथंच बसून राहिला. बन्सीभाऊ बोट एक फेरी मारून अलीकडं घेऊन आला. काठावरच्या लोकांनी वाखाणणी केली.

त्यानंतर अब्बा फार दिवस राहिले नाहीत. पहाटेच्या नमाजाच्या सुमारास गेले. शेवटी पाणी मी पाजलं.

गुस्ल झालं, कफन झालं, नमाज झाली. जनाजा नदीकडं निघाला. बायका उंबऱ्याबाहेर जात नाहीत. मी गेले. सासूबाई असत्या तर त्यांनी मला हाताला धरून मागं ओढलं असतं, पण त्या पलीकडं होत्या आणि अब्बा त्यांच्याकडंच चालले होते. मी डोक्यावरून ओढणी घेतली आणि लोकांच्या मागून धक्क्यापर्यंत गेले. जनाजा अजून खांद्यांवर होता. बोटीत ठेवायच्या आधी मी खुर्शिदला बाजूला बोलावलं. हे सांगायची ती वेळ नव्हती हे मला कळत होतं. पण त्यानंतर सांगून उपयोग नव्हता.

मी म्हणाले, "त्या दिवशी अब्बा खोटं बोलले. माझ्या हाताला लागत व्हतं."

त्यानं रुमालानं तोंड पुसलं. डोळे लाल होते.

"मला म्हाईत हाय," म्हणाला. "पाना माझ्या हातात व्हता, राबिया. पान्याला कळत व्हतं."

"मग थांबला कशाला तुम्ही?"

"त्यांच्यात दम न्हवता ऱ्हायला. आनखी चार डाव इंजिन लावलं असतं तर तिथंच गेलं असतं ते."

म्हणजे बापानं पोरासाठी खोटं सांगितलं आणि पोरानं बापासाठी ते खरं मानलं. आणि दोघांच्या मधे हात घालून बसलेली मी, मलाच वाटत होतं की हे फक्त मला ठाऊक आहे. मला राग आला, पण कुणावर काढायचा ते कळेना.

खुर्शिद बोटीत उतरला. मधल्या जागेवर, जिथं अब्बांना त्या दिवशी झोपवलं होतं, तिथं तो मांडी घालून बसला. समोर बन्सीभाऊला बस म्हणाला. बन्सीभाऊनं सुकाणू पुतण्याच्या, नवनाथच्या हातात दिलं आणि बसला. मग खुर्शिदनं आणखी सहा जणांना नावानं बोलावलं आणि दोन ओळींत समोरासमोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून. कुणाला काय चाललंय ते आधी समजेना. तो म्हणाला,

"फळीवर न्हाई ठेवायचं. आपल्या मांड्यांवर द्या."

नमाज पढवणाऱ्या मौलानांनी मान डोलावली. खांद्यावरून जनाजा उतरला आणि त्या आठ माणसांच्या मांड्यांवर ठेवला गेला. डोक्याकडची बाजू खुर्शिदच्या मांडीवर होती. त्यानं दोन्ही हात खाली घातले.

इंजिन सुरू झालं. बोट काठापासून सुटली. मी बघत होते. माणसांचे खांदे हलत होते, डोक्यावरच्या टोप्या, रुमाल हलत होते, बारीक, सारखे. जनाज्यावरची चादर हलत नव्हती. निदान मला काठावरून तशी दिसली. पाण्याच्या मध्यावर गेल्यावर ती नुसती पांढरी दिसायला लागली आणि मग टेकाडाच्या सावलीत गेली.

दुपारी ते परत आले. बोट लागली तरी खुर्शिद उठेना. पाय लाकूड झाले होते, जाताना एवढा वेळ मांडी मोडली नव्हती त्यानं, आणि येतानाही तो तिथंच तसाच बसून राहिला होता. बन्सीभाऊनं काखेत हात घालून त्याला उभं केलं आणि घरापर्यंत आणलं. बन्सीभाऊ स्वतःही फेंगडत चालत होता.

घरात मी त्याला भिंतीला टेकवून बसवलं. पाणी दिलं. तो प्याला आणि म्हणाला,

"कायबी लागलं न्हाई त्यांना. एकदाबी न्हाई."

मी त्याच्या मांडीवर हात ठेवला. इंजिन केव्हाचं बंद झालं होतं, तरी मांडी थरथरत होती. आतून, बारीक, सारखी. मी हात काढला नाही. आणि मग मला रडू आलं, जे अब्बा गेल्यापासून तोवर आलं नव्हतं.